चहा घेतल्याशिवाय सही नाही

गुणवंत खोब्रागडे यांना दिल्लीत किती माणसं ओळखत होती ते सांगता येणार नाही. ते स्वतः मात्र तीनशे अडतीस माणसांना ओळखत होते, आणि तेही लेखी. ही मोजदाद करायची वेळ त्यांच्यावर का आली हे सांगायचं, तर आधी त्यांच्या चहाबद्दल सांगायला हवं.

सरोजिनी नगरात कपड्यांच्या बाजाराचा गोंगाट जिथे जरा विरतो, तिथे सरकारी क्वार्टरांच्या रांगेच्या टोकाला यमुनाकाठ कर्मचारी सहकारी बँक होती. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत खर्डेघाशी करणाऱ्या मराठी मंडळींनी ती काढलेली. दोन खिडक्या, एक तिजोरी, एक माठ आणि माठाला साखळीनं बांधलेला पेला, एवढाच पसारा. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीहून गुणवंतभाऊ बहात्तर साली तिथे शिपाई म्हणून लागले आणि परीक्षा देत देत क्लार्क झाले. कडक इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला निळ्या शाईचं पेन आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की आपण नसतो तर ही बँक कधीच बसली असती.

त्या काळी बँकेत खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची सही लागे. अर्जाच्या तळाशी हिंदीत एक ओळ छापलेली असे: 'मैं इन्हें भली-भाँति जानता हूँ.' तिच्याखाली ओळख देणाऱ्यानं सही करायची. आता विदर्भातून, मराठवाड्यातून नोकरीसाठी नुकत्याच दिल्लीत उतरलेल्या माणसाला भली-भाँति ओळखणारं कोण असणार? वळकटी आणि जातीचा दाखला, एवढंच सामान घेऊन आलेली माणसं ती. मग कुणीतरी सांगे, बँकेतल्या गुणवंतभाऊंकडे जा.

गुणवंतभाऊ सही करत, पण एका अटीवर. 'घरी चहाला बोलवा,' म्हणत. लोकांना वाटे, क्लार्कला चहापाणी हवंय, दिल्लीची रीतच आहे. तसं नव्हतं. चहा उकळायला दहा मिनिटं लागतात आणि मराठी माणसाच्या खोलीत पाहुणा आला की दहा मिनिटांत शेजारी डोकावतोच. शेजारी ज्या नावानं हाक मारतो ते खरं नाव, आणि ज्या सुरात मारतो तो खरा माणूस, हे गुणवंतभाऊंचं शास्त्र. ते शांतपणे चहा पीत, बशीत एक घोट ठेवत आणि मगच खिशातलं पेन काढत. या शास्त्रात वीस वर्षांत एकदाही चूक झाली नाही, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. नम्रपणा हा काही त्यांचा गुण नव्हता.

सरकारी इस्पितळात आया असलेल्या भीमाबाईंच्या खोलीवर ते एकोणऐंशी साली गेले होते. घरात दूध नव्हतं. बाईंनी कोरा चहा पुढे केला आणि लाजून पदर तोंडाला लावला. तेवढ्यात शेजारची बंगाली बाई वाटीभर दूध घेऊन आत आली आणि म्हणाली, "भीमादीदी, मेहमान आए हैं, बोला क्यों नहीं?" गुणवंतभाऊंनी कोरा चहाच संपवला आणि तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. फरीदाबादच्या कारखान्यातल्या खंडेराव फिटरलाही खातं मिळालं ते असंच. त्याच्या घरी तर चहाबरोबर भजीही झाली होती.

त्र्याण्णव साली बँकेत विनयसाहेब नावाचे मॅनेजर आले आणि दिवस पालटले. पालटायचेच होते. गुडगावात मोहरीच्या शेतांतून काचेच्या इमारती उगवत होत्या, सरोजिनी नगरातल्या बाबूंच्या घरी रंगीत टीव्ही आले होते आणि जो तो फ्लॅटच्या गोष्टी करत होता. साहेबांनी माठ काढून कूलर बसवला, लाकडी खिडक्यांना काच लावली आणि गुणवंतभाऊंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गुणवंतभाऊ, तुमची सही म्हणजे या बँकेतलं सोनं आहे." शिपाई म्हणून लागलेल्या माणसाच्या पाठीवर आजवर कुठल्या साहेबानं हात ठेवला नव्हता. भाऊ फुलले.

दिवाळीच्या तोंडावर एके दुपारी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक्केचाळीस अर्ज होते, कोरे. "गुडगावच्या एका कंपनीचा स्टाफ आहे, सगळे एकदमच येतायत. चाळीस घरी चहा प्यायला कुठे जाता यार! तुम्ही सह्या करून ठेवा, नावं मी भरून घेतो." आणि साहेबांनी स्वतः चहा मागवला, बिस्किटांसकट. तो केबिनमधला चहा पीत गुणवंतभाऊंनी एक्केचाळीस सह्या ठोकल्या. वर घरी जाऊन बायकोला सांगितलं, "आज किती सह्या केल्या, ओळख पाहू?"

ते एक्केचाळीसजण जन्मालाच आलेले नव्हते. त्यांच्या नावानं कर्जं निघाली आणि त्या पैशांतून साहेबांच्या मेव्हण्यानं गुडगावात जमिनी घेतल्या. शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये भांडं फुटलं. साहेब तुरुंगात गेले, बँकेच्या दाराला नोटीस लागली आणि सहा महिने कुणालाही पैसे काढता येणार नाहीत असा वरून हुकूम आला. सरोजिनी नगरच्या क्वार्टरांत त्या रात्री किती चुली पेटल्या असतील कोण जाणे. ज्यांच्या मुलींची लग्नं ठरलेली, ज्यांच्या घराच्या भिंती अर्ध्यावर आलेल्या, ते सगळे बँकेच्या पायऱ्यांवर बसून राहिले.

चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं ते एक्केचाळीस अर्ज गुणवंतभाऊंपुढे ठेवले.

"यातल्या कुणाला ओळखता?"

"एकालाही नाही."

"मग ही सही?"

"माझीच."

आढेवेढे नाहीत, रडारड नाही. भाऊंनी एक पैसाही खाल्ला नव्हता, हे अधिकाऱ्याला दिसलंच. लेखी ताकीद देऊन नोकरी वाचली. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? ऑक्टोबरात धम्मचक्र दिनाच्या पंगतीत वाढणारा तरुण त्यांच्या ताटाशी थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "भाऊ, आधी वाढू की आधी सही घेऊ?" पंगत खदखदून हसली. भाऊंनी मान खाली घालून भात खाल्ला. सगळा खाल्ला, अन्न टाकायची त्यांना सवय नव्हती.

घरी त्यांची बायको चंदा, जी पोस्टात नोकरीला होती आणि बोलायला कुणाच्या बापाला भीत नव्हती, म्हणाली, "पैसे नाही खाल्ले, मान्य. पण फुगलात ना? पाठीवर हात ठेवला तर फुगलात." बारावीतली लेक श्रावस्ती मध्ये पडली, "आई, बस ना यार, बाबांना किती बोलशील?" भाऊ म्हणाले, "बोलू दे. बिल्कुल बरोबर बोलतेय."

सप्टेंबरात बँकेवर नव्या मॅनेजर आल्या होत्या. नागपूरहून एकट्या बदलून आलेल्या, पन्नाशीच्या कल्पना मोहरीर. कल्पनाबाईंनी पहिल्याच दिवशी सूचनाफलकावर आदेश लावला: यापुढे श्री. खोब्रागडे यांनी ओळख देणारा म्हणून सही करू नये, व खिडकीवर बसू नये. भाऊंची रवानगी मागच्या रेकॉर्डच्या खोलीत झाली. बाईंची चूक नव्हती. ज्या माणसाच्या सहीनं बँक बुडाली त्याला खिडकीवर बसवलं असतं, तर लोकांनी काचा फोडल्या असत्या.

त्या खोलीत, धुळीनं शिंकत, भाऊंनी पंचवीस वर्षांचे अर्ज उपसले आणि आपल्या सहीचे वेगळे काढले. तीनशे एकोणऐंशी. त्यातले एक्केचाळीस खोटे गेले. उरले तीनशे अडतीस. प्रत्येक अर्जाशी एकेक चहा त्यांना आठवला. कुणाच्या चहात आलं, कुणाच्या चहाला रॉकेलचा वास. मग त्यांनी वहीत पत्ते उतरवले आणि येणाऱ्या रविवारपासून बस पकडली.

कुणी सांगितलं नव्हतं. दार वाजवायचं, उभ्या उभ्या बोलायचं. वाक्यं ठरलेली होती: "मी सांगायला आलोय. एक्केचाळीस सह्या मी चहा न घेता, माणूस न बघता केल्या. त्यातून हे झालं. बँक उघडल्यावर पैसे काढा नाहीतर ठेवा, तुमची मर्जी. ठेवा असं मी म्हणणार नाही." एवढं बोलून निघायचं. कुणी शिव्या घातल्या. कुणी दारच उघडलं नाही, आतून टीव्हीचा आवाज मात्र वाढवला. गुडगावला एका घरी कुत्रा सोडला. तो बिचारा भाऊंचे हात चाटून परत गेला.

फरीदाबादला खंडेरावच्या घरी त्याच्या बायकोनं सवयीनं चहा टाकला आणि कप आणून भाऊंच्या हातात दिला. ज्याला लेकीचं लग्न पुढे ढकलावं लागलं होतं तो खंडेराव आतून आला, त्याने भाऊंच्या हातातला कप काढून घेतला आणि मोरीत ओतला. "तुम्हाला चहा पाजला तेच चुकलं," तो म्हणाला. भाऊ "बरोबर आहे" म्हणाले आणि जिना उतरले. त्या दिवशी बसमध्ये त्यांना रडू आलं. शेजारचा सरदारजी घाबरून विचारत होता, "क्या हुआ, भाईसाहब?" पुढच्या रविवारी ते पुन्हा निघाले. चंदाबाईंनी पिशवीत पोळीभाजीचा डबा ठेवला. फेब्रुवारीपर्यंत दोनशे एकोणीस घरं झाली. बाकीची माणसं बदलून गेली होती किंवा वारली होती.

दरम्यान गुडगावच्या जमिनी जप्त झाल्या, दुसऱ्या एका मोठ्या सहकारी बँकेनं हात दिला, आणि सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत यमुनाकाठ पुन्हा उघडायचं ठरलं. मेख एकच होती. पैसे होते, पण सगळ्यांनी पहिल्याच दिवशी सगळे काढून नेले असते तर संध्याकाळी बँकेला कायमचं कुलूप लागलं असतं. मागे रांगेत राहणाऱ्यांचे बुडालेच असते. कल्पनाबाईंना हे ठाऊक होतं, गुणवंतभाऊंना ठाऊक होतं आणि लोकांनाही ठाऊक होतं. म्हणूनच त्या सोमवारी सकाळी आठपासून रांग लागली. जो तो दुसऱ्याच्या आधी.

रांगेत पहिल्या भीमाबाई, शाल गुंडाळून, आता निवृत्त झालेल्या. सातवा खंडेराव, फरीदाबादची पहिली बस पकडून आलेला. ऊन छान होतं, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या मुठीत पैसे काढायची चिठ्ठी.

सव्वानऊला कल्पनाबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक अर्ज होता.

"माझी नागपूरची सगळी बचत मी आज या बँकेत ठेवतेय," त्या रांगेला म्हणाल्या. आवाज खणखणीत होता. "सगळ्यात आधी माझं खातं उघडेल. मग तुमच्या खिडक्या." आणि वळून त्यांनी हाक मारली, "खोब्रागडे! जरा बाहेर या."

रेकॉर्डच्या खोलीतून भाऊ आले, बाह्यांना धूळ. रांगेत कुजबूज सुरू झाली.

"मला खातं उघडायचं तर ओळख लागते," बाई म्हणाल्या. "दिल्लीत मला कुणी ओळखत नाही. तुम्ही सही करा." भाऊंच्या रविवारच्या फेऱ्या त्यांच्या कानावर आल्या होत्या, भीमाबाईंकडूनच. या लोकांसमोर याच माणसानं सही करावी, हे त्यांनी आदल्या दिवशी मनाशी पक्कं केलं होतं.

भाऊंनी अर्ज घेतला. ओळ वाचली. खिशाकडे हात गेला आणि तिथेच थांबला.

"करा की भाऊ!" रांगेतून खंडेराव ओरडला. "एक्केचाळीस केल्यात, ही बेचाळीसावी!"

लोक हसले. पंगतीतलं तेच हसू. भाऊंनी अर्ज बाईंना परत दिला.

"मॅडम, मी तुम्हाला ओळखत नाही."

"म्हणजे? पाच महिने एका छपराखाली काम करतोय आपण!"

"बँकेत ओळखतो. घर पाहिलेलं नाही." आणि जरा खाली मान घालून म्हणाले, "शिवाय मी सही करायची नाही, असा तुमचाच आदेश आहे. फलकावर आहे."

बाईंचा चेहरा लाल झाला. मॅनेजरला भर लोकांत नाही म्हणणारा क्लार्क त्यांनी तीस वर्षांत पाहिला नसावा. नऊ वीस झाले होते, दहाला खिडक्या उघडायच्या होत्या आणि हा गृहस्थ नियम शिकवत होता. त्या ताडताड फलकापाशी गेल्या, आदेशावर आडवी रेघ मारली, खाली सही केली.

"झालं? आता करा."

"आता चहा," भाऊ म्हणाले.

पहिल्यांदा हसल्या त्या भीमाबाई. पोटभर हसल्या, शाल खांद्यावरून घसरेपर्यंत. "जा बाई, पाज त्याला चहा," त्या कल्पनाबाईंना म्हणाल्या. "माझ्याकडचा बिनदुधाचा प्यायला तेव्हा कुठे केली सही. आम्ही थांबतो. सहा महिने थांबलोच आहोत."

बाईंची खोली जवळच, नेताजी नगरात, दहा मिनिटांच्या वाटेवर होती. दोघं निघाले. पाठीमागून पावलं वाजली म्हणून भाऊंनी वळून पाहिलं, तर खंडेराव. "मीही येतो," तो म्हणाला. "तुम्ही खरंच चहाच पिता की काय ते बघतो."

गच्चीवरची एकच खोली. नागपूरहून आलेली खोकी अजून दोरीनं बांधलेली. पाच महिने बाई बँकेतच राहत होत्या म्हटलं तरी चाललं असतं. साखर कुठल्या खोक्यात आहे ते त्यांना सापडेना. भाऊ एकुलत्या एका खुर्चीवर बसले, खंडेराव दारात उभा राहिला. चहाला उकळी आली तेवढ्यात जिन्यावरून पंजाबी घरमालकीण ओरडली, "कल्पना जी! आज इतवार है क्या? तबीयत तो ठीक है ना आपकी?" आणि वर येऊन तिनं बाईंच्या कपाळाला हातच लावला. बाई वरमल्या. भाऊंनी खंडेरावाकडे पाहिलं, जणू म्हणाले, ऐकलंस?

बाईंनी खंडेरावापुढेही कप धरला. त्याने तो क्षणभर घेतला नाही, मग घेतला. तिघांनी बिनसाखरेचा चहा प्यायला. भाऊंनी बशीत एक घोट ठेवला आणि पेन काढलं, पण बाईंना म्हणाले, "तिथे करतो. सगळ्यांसमोर."

दहाला पाच कमी असताना, बँकेच्या पायरीवर, गुडघ्यावर अर्ज ठेवून गुणवंत खोब्रागडे यांनी सही केली. सावकाश, अक्षर न् अक्षर. मग वहीत लिहिलं: तीनशे एकोणचाळीस.

त्या दिवशी पैसे कुणी काढलेच नाहीत असं नाही. बरेच जण काढून घेऊन गेले आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. भीमाबाईंनी मात्र औषधापुरते घेतले. त्यांच्या मागच्या दोघातिघांनी चिठ्ठ्यांवरचे आकडे खोडून लहान केले, आणि ते पाहून आणखी काहींनी. कल्पनाबाई मध्येच आल्या आणि भाऊंना म्हणाल्या, "रेकॉर्ड रूममध्ये काय करताय? ती दुसरी खिडकी रिकामी आहे." पाच महिन्यांत कुणी बसलं नव्हतं त्या स्टुलावर ते बसले. काच पुसली.

खिडकीशी खंडेराव आला. चिठ्ठी त्याने काचेखालून आत सरकवली. लेकीच्या लग्नाची पै न् पै तिच्यावर लिहिलेली होती. भाऊंनी ती वाचली, रक्कम बरोबर असल्याचं पाहिलं आणि शिक्का उचलला. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं, की याचे पैसे याला हसतमुखानं द्यायचे.

खंडेरावानं चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"शिक्का आज नको. रविवारी घरी या. त्या दिवशीचा चहा राहिलाय," तो म्हणाला. "मीही आधी तुम्हाला नीट ओळखून घेतो. मग ठरवतो."

भाऊंनी शिक्का खाली ठेवला. मग त्यांनी खिशातली वही काढली, रविवारच्या पानावर खंडेरावचा पत्ता पुन्हा एकदा लिहून घेतला आणि विचारलं, "किती वाजता येऊ?"